हॅम्राविकमधला फितूर

आपल्या गावात कोणीतरी फितूर आहे, हे ट्रॉन्डुरच्या लक्षात आलं तेव्हा मोसमाचा तिसरा सामना चालू होता आणि हॅम्राविकवर तिसरा गोल नुकताच झाला होता. पहिल्या गोलाचा दोष त्याने वाऱ्याला दिला होता. दुसऱ्याचा पंचाला. पण तिसऱ्या वेळी वारा पडलेला होता आणि पंच समोरच्या संघावरच ओरडत होता. मग फितुरीशिवाय दुसरं कारणच उरलं नाही.

"त्यांना आधीच ठाऊक होतं," तो शेजारी उभ्या असलेल्या बायकोच्या कानात कुजबुजला.

"काय ठाऊक होतं?" सुन्निवाने नेहमीच्या आवाजात विचारलं.

"हळू! आपला डावीकडचा बचावपटू आज नवीन आहे हे. पहिल्या मिनिटापासून तिकडूनच घुसतायत. कोणी सांगितल्याशिवाय कसं कळेल?"

"तो पोरगा दोनदा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. त्यावरून कळलं असेल."

ट्रॉन्डुरने पुन्हा मैदानाकडे पाहिलं. बायकोचा भाबडेपणा त्याला लग्नापासून ठाऊक होता.

फेरो बेटांवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आणि मेंढ्यांपेक्षा फुटबॉलवरची मतं जास्त. अशा देशाच्या पहिल्या विभागात हॅम्राविकसारखं मूठभर घरांचं गाव यायची ही पहिलीच खेप. तळाच्या दोन संघांनी ऑक्टोबरात मुकाट्याने खाली उतरायचं, असा नियम. आणि एकदा उतरलं की आरिसारखा गोल करणारा पोरगा राजधानीतला एखादा क्लब उचलून नेणार, बाकीचे बोटींवर जाणार, आणि मैदानावर मेंढ्या चरणार, हे ट्रॉन्डुरला स्वच्छ दिसत होतं. तो काही स्वप्नाळू माणूस नव्हता. नगरपालिकेत बांधकाम परवाने देण्यात त्याची हयात गेली होती. 'गवत ठेवायची खोली' म्हणून परवाना घेऊन लोक आत गरम पाण्याचा हौद बांधतात, हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, त्याचा माणसांवरचा विश्वास कितीसा शिल्लक राहणार?

क्लबमध्ये तो साहित्यप्रमुख होता. गावातले वात्रट लोक याला धोबी म्हणत. प्रशिक्षक हॅलुर, जो एरवी मासळीच्या कारखान्यात फोरमन होता, बुधवारी सरावानंतर त्याला शनिवारचे अकरा खेळाडू गुपचूप सांगायचा. संघाला ती नावं तो शुक्रवारी संध्याकाळी जाहीर करायचा. पण या बेटांवर कपडे वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून साहित्यप्रमुखाला ही खास सवलत. ट्रॉन्डुर ते अकरा शर्ट स्वतःच्या हाताने धुवायचा आणि घरामागच्या उतारावर, खाडीकडे तोंड करून असलेल्या दोरीवर वाळत घालायचा, कारण खाडीवरून येणारा वारा फुकट असतो. वाळत घालण्यातही त्याची शिस्त होती. गोलकीपरचा शर्ट घराच्या भिंतीलगत. मग थोडी जागा सोडून बचावाचे चार. पुन्हा जागा सोडून मधल्या फळीचे. आणि दोरीच्या पार टोकाला, समुद्राच्या अंगाला, आरिचा नऊ नंबर. राखीव खेळाडू खालच्या दोरीवर. त्याच क्रमाने शर्ट पिशवीत जायचे आणि त्याच क्रमाने खोलीतल्या खुंट्यांवर लागायचे. अशी शिस्त क्लबात दुसऱ्या कोणाकडेही नाही, याचा त्याला रास्त अभिमान होता.

अशा शिस्तीच्या क्लबात पाणी मुरत होतं, आणि ते कुठे मुरतंय हे शोधून काढणं त्याने आपलं कर्तव्य मानलं.

संशयितांची वाण नव्हती. हॅलुरची सासू समोरच्या काठावरच्या स्कोरानेसची, आणि स्कोरानेस म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचं वैर. स्कोरानेसचे लोक चर्चमध्येसुद्धा आपल्यापेक्षा मोठ्याने गातात. पाद्री दोन्ही गावांत उपदेश करायचा. त्याला या काठाचं त्या काठाला सांगायची सवयच. गोलकीपरची प्रेयसी फोनवर फार बोलायची. शेजाऱ्यांनीही मदत केली. एकाने सांगितलं की सगळ्यांचे फोन काढून घ्या. दुसऱ्याने सांगितलं की पहिल्याचा फोन आधी काढून घ्या. पलीकडच्या म्हातारीचं मत पडलं की फितूरबितूर काही नाही, पोरं कॉफी फार पितात.

पण ट्रॉन्डुरची नजर हळूहळू एकाच माणसावर येऊन थांबली. तो माणूस म्हणजे रेगिन, सुन्निवाचा सख्खा धाकटा भाऊ.

रेगिनचं क्लबमधलं काम साधं होतं. आमचं मैदान समुद्राला इतकं चिकटून आहे की जोरात मारलेला चेंडू खाडीत जातो. तेव्हा सामन्याच्या वेळी एक माणूस बोटीत बसलेला लागतो. रेगिन बोटीत बसून जाळीने चेंडू वेचायचा आणि परत फेकायचा. कधीकधी चेंडू आणायला तो पार खाडीच्या मध्यापर्यंत जायचा. आणि खाडीच्या मध्याच्या पुढे कोण असतं? स्कोरानेस! एप्रिलच्या अखेरीला ट्रॉन्डुरने धक्क्यावरून प्रत्यक्ष पाहिलं: स्कोरानेसची एक बोट रेगिनच्या बोटीला लागली, चार शब्द बोलणं झालं, हसणं झालं, आणि एक भलंमोठं पोतं त्या बोटीतून रेगिनच्या बोटीत आलं.

त्याने हा विषय क्लबच्या समितीत काढला. शेजारीण कोणाच्या आवारात कचरा टाकते हे सांगावं, तशा सुरात.

"त्या पोत्यात काय होतं, रेगिन?"

"चेंडू," रेगिन म्हणाला.

"कोणाचे?"

"आपलेच, भावोजी. वाहून जातात तिकडे. ते बिचारे गोळा करून ठेवतात आणि देतात परत."

"स्कोरानेसवाले? फुकट?" ट्रॉन्डुरने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "आणि हसायला काय झालं होतं?"

"ते म्हणाले, तुमचे लोक गोलात मारायच्या ऐवजी आमच्या गावात का मारतात. मला हसू आलं."

खोलीत एकदोघे फिसकन हसले, आणि ट्रॉन्डुरच्या दृष्टीने ते दोघेही यादीत गेले. शेवटी समितीने भांडण नको म्हणून ठरवलं की रेगिनने काही दिवस बोटीवर बसू नये. रेगिन उठला, टोपी घातली आणि दारात थांबला. तो तसा कमी बोलणारा माणूस.

"भावोजी, गळती शोधायचीच असेल ना, तर आधी स्वतःच्या परसात बघा."

एवढं बोलून तो निघून गेला. सुन्निवाने त्या रात्री जेवण वाढलं, पण नवऱ्याशी बोलली नाही. ट्रॉन्डुरला मात्र ते वाक्य झोंबलं. स्वतःच्या परसात म्हणजे काय? माझ्या घरात फितूर? की परसात काही यंत्र पुरून ठेवलंय आणि हा नकळत बोलून गेला? दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी त्याने परसाची कसून झडती घेतली. रुबार्बाची पानं उचलून बघितली. बटाट्याच्या वाफ्यात काठी खुपसली. कोंबड्यांच्या खुराड्यात डोकं घातलं आणि कोंबड्यांनी त्याचा योग्य तो समाचार घेतला. दोरीवरचे ओले शर्ट बाजूला सारून, त्यांच्यामधून वाकून वाकून त्याने भिंतीची फट न् फट तपासली. काही सापडलं नाही. 'शुद्ध दिशाभूल,' त्याने निष्कर्ष काढला, आणि बाजूला सरकलेले शर्ट पुन्हा नीट अंतर मोजून सारखे केले.

बोटीवर दुसरा माणूस मिळेना, म्हणून पुढच्या सामन्याला स्वतः ट्रॉन्डुर बसला. पहिला चेंडू आला तोच मुळी लांब गेला. त्याने इंजिनाची दोरी ओढली. ती हातात आली, इंजिन जागच्या जागी. मग वल्ही मारली. चेंडू पुढे, तो मागे, आणि वारा दोघांच्याही मागे. सामना संपला तेव्हा तो काठावरून दिसेनासा झाला होता. त्याला शेवटी स्कोरानेसच्याच दोन म्हाताऱ्यांनी दोर टाकून ओढत आणला. वर धक्क्यावर सोडताना "पुढच्या वेळी रेगिनला पाठवा, त्याला जमतं," असा सल्लाही दिला. त्या सल्ल्यामागचा हेतू ट्रॉन्डुरला लगेच कळला.

आणि रेगिन नसतानाही गळती थांबेना! मेमध्ये हरलो, जूनमध्ये हरलो, जुलैत एकदा चुकून जिंकलो. दुसरा कोणी असता तर त्याला वाटलं असतं की अरे, म्हणजे रेगिन निर्दोष होता. ट्रॉन्डुरला वाटलं की रेगिनला साथीदार आहे.

मग त्याने ताडपत्रीची योजना काढली. स्कोरानेसच्या बाजूने मैदानाला उंच ताडपत्रीची भिंत घालायची, म्हणजे सरावच दिसणार नाही. पण भिंतीला परवाना लागतो, आणि परवाना देणारा कोण? तो स्वतः. त्याने रीतसर अर्ज केला, स्वतःच स्वीकारला, आणि मग कायदा आठवला: आपल्या अर्जाचा निर्णय आपल्याला देता येत नाही. अर्ज पलीकडच्या टेबलावर मार्यूनकडे गेला, जी क्लबच्या समितीतही होती. मार्यूनच्या घराची खिडकी त्याने पूर्वी वीतभर मोठी झाली म्हणून तोडायला लावली होती. मार्यून ते विसरली नव्हती.

"वाऱ्याचा दाखला हवा," ती चष्म्यावरून म्हणाली.

"ताडपत्रीला?"

"नियम तुम्हीच केलाय. आणि शेजाऱ्यांची ना हरकत."

"शेजारी कोण आहे तिथे? एका बाजूला समुद्र आणि एका बाजूला मेंढ्या!"

"मेंढ्यांच्या मालकाची आणा मग. कुरण कोणाचं आहे?"

कुरण गावाचं सामाईक आणि त्याचा कारभारी रेगिन. रेगिनकडे सही मागायला जाणं म्हणजे चोराकडे कुलूप मागणं, असं ट्रॉन्डुरचं मत. त्याने सुन्निवाला पाठवलं. सही ताबडतोब आली. ताबडतोब आली, हेच ट्रॉन्डुरला खटकलं.

सप्टेंबरच्या शेवटी कसाबसा दाखला जोडून परवाना मिळाला, खांब रोवले गेले, ताडपत्री चढली, आणि पहिल्याच दुपारी नैऋत्येचा वारा सुटला. अर्ध्या गावाच्या डोळ्यांदेखत ती निळी भिंत खांबांसकट उठली, खाडीवर पसरली, मनसोक्त तरंगली आणि स्कोरानेसच्या बाजूला उतरली. मार्यून तिथेच होती. "म्हणून दाखला मागितला होता," एवढंच ती म्हणाली.

दोन दिवसांनी स्कोरानेसहून फोन आला. सामल नावाचा एक निवृत्त बोटमास्तर बोलत होता. ताडपत्री आमच्या अंगणात उतरलीय, धुऊन वाळवून घडी घालून ठेवलीय, येऊन घेऊन जा. धुऊन का? ट्रॉन्डुर बराच वेळ विचार करत बसला. पण साहित्यप्रमुख म्हणून साहित्य सोडून देणं त्याच्या तत्त्वात बसेना. तो गाडी काढून खाडीला वळसा घालून गेला.

सामल प्रेमळ निघाला. दारातून ताडपत्री घेऊन निघून जाता येईल, हा ट्रॉन्डुरचा बेत त्याच्या बायकोने हाणून पाडला. कॉफी आली, केक आला, केकवर रुबार्बाचा मुरंबा आला. ट्रॉन्डुरने आधी सामलला खाऊ दिलं, मग स्वतः खाल्लं. खिडकीच्या कट्ट्यावर दुर्बीण होती. त्यात नवल नव्हतं, दुर्बिणीवाचून खिडकी आमच्या बेटांवर कोणाची नसते. बोटी, पक्षी, मेंढ्या आणि शेजारी, सगळं त्यातूनच बघायचं असतं. सामल दुसरी कॉफी आणायला आत गेला तेव्हा ट्रॉन्डुरने सहज ती डोळ्यांना लावली. आधी धुकं. मग पाणी. मग हॅम्राविकचा उतार. मग एक लाल छप्पर, जे त्याला ओळखीचं वाटलं, कारण ते त्याचंच होतं. आणि छपराखाली, एवढे स्पष्ट की हात लावावा, भिंतीलगत एक शर्ट, मग जागा, मग चार शर्ट, मग जागा...

त्याने शर्ट पुन्हा एकदा मोजले.

"छान वाळत घालता हो तुम्ही!" सामल पाठीमागून कौतुकाने म्हणाला. "आम्ही सगळेच बघतो दर गुरुवारी. मी बायकोला म्हणतो, बघ, शिस्त याला म्हणतात. गोलकीपर भिंतीशी, चार मागे... आम्हाला आधी वाटलं तुमच्या गावची ही रीतच असेल, संघ असा जाहीर करायची."

"आणि... दुसऱ्या क्लबांना?"

"फोन येतात ना त्यांचे. कोणाची बहीण इथे, कोणाचा मेव्हणा. सांगतो आम्ही. लपवायचं काय त्यात? तुम्हीच तर उघड्यावर लावता."

ट्रॉन्डुर ताडपत्री घेऊन घरी आला. वाटेत बोगद्यात त्याने गाडी इतकी हळू चालवली की मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून वाजवून जीव काढला. पूर्ण मोसम त्याने ज्या फितुराच्या मागे दिवसरात्र एक केले, तो फितूर आरशात रोज त्याच्यासमोर दाढी करत होता. त्याला लाज वाटली, रेगिनला बोटीवरून उतरवल्याची तर जास्तच. पण सांगायचं म्हणजे समितीसमोर उभं राहून सांगायचं, मार्यूनच्या देखत सांगायचं. ते त्याच्याने होईना. त्याने गप्प राहायचं ठरवलं, आणि गप्प राहूनच नुकसान भरून काढायचं ठरवलं.

आता ऑक्टोबर उजाडला होता. शेवटचा सामना स्कोरानेसशीच, आमच्याच मैदानावर. बरोबरी झाली तरी हॅम्राविक पहिल्या विभागात राहणार होतं. हरलो तर खाली. बुधवारी हॅलुरने अकरा नावं सांगितली. ट्रॉन्डुरने मान डोलावली, घरी आला, आणि धुतलेले शर्ट उलटेपालटे वाळत घातले. आरिचा नऊ नंबर दोरीवरून गायब. मधल्या फळीचा आणि बचावाचा कणा असलेले दोघे गायब. त्यांच्या जागी राखीव पोरांचे शर्ट मानाने वरच्या दोरीवर. घालता घालता त्याने खाडीकडे वाकून एकदा नजर टाकली आणि मोसमात पहिल्यांदा तो मनापासून हसला. हॅलुरलाही त्याने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. त्यातच शुक्रवारी कारखान्यात मशीन बिघडलं, हॅलुर अडकला, आणि संघ जाहीर करायची बैठक झालीच नाही. ठरलेलेच खेळाडू, येतील वेळेवर, असं त्याला वाटलं.

शनिवारी दुपारी खोलीत राखीव पोरं बूट चकचकीत करून, केस विंचरून हजर. त्यांच्या आज्यासुद्धा आल्या होत्या, लोकरीचे नवे स्वेटर घालून. आरिचा पत्ता नाही. त्या दोघांचाही नाही.

"आरि कुठाय?" हॅलुर ओरडला.

"तो गेला मेंढ्यांना," एक आजी म्हणाली. "आज मेंढ्या उतरवायचा दिवस ना. त्याचा शर्ट नव्हता दोरीवर. खेळायचं नाही तर डोंगरावर तरी मदत करावी, म्हणाला. गुणी आहे पोर."

"दोरीवर म्हणजे?"

"म्हणजे ट्रॉन्डुरच्या दोरीवर. अहो, बुधवारी रात्री घातले की गुरुवारी सकाळी गावाला कळतंच संघात कोण ते."

हॅलुरचा चेहरा हळूहळू बदलला. "म्हणून! शुक्रवारी मी नावं वाचतो तेव्हा कोणाच्या तोंडावरची माशी हलत नाही. मला वाटायचं, काय शिस्त आहे पोरांना!" मग तो वळला. सगळेच वळले. "काका?"

"मी मुद्दाम बदलले," ट्रॉन्डुर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "स्कोरानेसला फसवायला."

हॅलुरने डोकं दोन्ही हातांत धरलं. डोंगरावर फोन लागत नव्हता, वर धुकं होतं. त्याने कागदावर आरि आणि त्या दोघांची नावं राखीव म्हणून लिहिली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ट्रॉन्डुर तोवर दाराबाहेर पडला होता. अंगात ऑफिसचा लांब कोट, पायांत चामडी बूट, आणि समोर चढण.

अर्ध्या डोंगरावर तो धुक्यात शिरला आणि घसरून दोनदा आडवा झाला. शेवटी कुत्र्याच्या आवाजामागे जाता जाता तो थेट रेगिनवर जाऊन आदळला. मेपासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. रेगिनने त्याच्या चिखलाने माखलेल्या कोटाकडे पाहिलं.

"परवाना तपासायला आलात का, भावोजी?"

"आरि हवाय. आणि ते दोघं. सामना सुरू झाला असेल." ट्रॉन्डुरला धाप लागली होती. "रेगिन, माझं चुकलं. तू फितूर नव्हतास. फितूर मी होतो. माझी दोरी."

"माहितेय."

"कधीपासून?"

"एप्रिलपासून. पोतं देताना हेही सांगून हसले ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"परसात बघा म्हटलं की. तुम्ही रुबार्बाखाली बघितलंत. ताईने सांगितलं मला."

"अरे, सरळ सांगायचंस!"

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही काय विचारलं असतंत? 'रेगिन, तुला कसं माहीत?' हेच ना?"

ट्रॉन्डुरने मान डोलावली. हेच विचारलं असतं.

रेगिनने तोंडाला हात लावून हाळी दिली. धुक्यातून आरिचा आवाज आला, मग बाकीच्या दोघांचे. पण एक अडचण होती. माणसं डोंगरभर रांग धरून, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर चालतात, तेव्हाच मेंढ्या पुढे पुढे सरकत खाली येतात. रांगेत एक भगदाड पडलं की त्यातून एक मेंढी निसटते, आणि तिच्या मागून सगळ्या. तीन माणसं गेली तर तीन जागा भरायला हव्यात.

"दोन मी आणि कुत्रा सांभाळतो," रेगिन म्हणाला. "आरिची जागा कडेला आहे. तिथे उभं राहायचं, हात पसरून, आणि हळूहळू खाली. काहीही झालं तरी जागा सोडायची नाही. जमेल?"

आरि धुक्यातून पळत आला, मेंढीच्या वासासकट, आणि त्या दोघांना घेऊन खाली धावत सुटला. ट्रॉन्डुर त्याच्या जागी उभा राहिला. हात पसरले. समोर पांढरं, मागे पांढरं, डावीकडे उजवीकडे पांढरं. रांगेत दुसरं कोणी आहे की सगळे आपल्याला इथे सोडून घरी कॉफी प्यायला गेलेत, हे कळायला काही मार्ग नव्हता. त्याला पुन्हा पुन्हा वाटलं की चार पावलं जाऊन खात्री करावी. खालून मधूनच गलका येत होता, गोल झाला असणार, पण कोणाचा ते कळत नव्हतं. एक मेंढी धुक्यातून पुढ्यात आली आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिली.

"भावोजी, आहात का?" लांबून रेगिनची हाक आली.

"आहे! तू आहेस का?"

"आहे की! चला खाली!"

मेंढीने विचार बदलला आणि वळली. ट्रॉन्डुर एक पाऊल खाली सरकला. मग पुन्हा हाक, पुन्हा एक पाऊल. खात्री करायला तो एकदाही गेला नाही.

मेंढ्या वाड्यात कोंडून दोघं क्लबच्या खोलीत आले तेव्हा सामना संपून गेला होता. एक-एक. पहिल्या अर्ध्यात राखीव पोरांवर गोल झाला. दुसऱ्या अर्ध्यात आरि उतरला आणि त्याने तो फेडला. हॅम्राविक पहिल्या विभागात राहिलं होतं. आत कॉफीची वाफ, ओले स्वेटर, आणि स्कोरानेसचे लोकही, कारण सामन्यानंतर कॉफी दोघांची मिळून असते.

सामल सगळ्यांत पुढे होता. "काय डोकं आहे तुमचं! पूर्ण मोसम आम्हाला खरं दाखवलंत, आमचा विश्वास बसवलात, आणि शेवटच्या सामन्याला खोटं! वर उत्तरार्धात खरे उतरवलेत! आम्ही राखीव पोरांचाच अभ्यास करून आलो होतो हो."

हॅलुरने कप खाली ठेवला. "पूर्ण मोसम?" तो सावकाश म्हणाला. "म्हणजे काका, तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं ते बघतायत? आणि आम्ही हरत राहिलो ते तुमचं आमिष होतं?"

"नाही! मला ठाऊक नव्हतं! अगदी परवा कळलं!"

"तर, तर," मार्यून म्हणाली. "सबंध मोसम दुर्बिणीसमोर अंतर मोजून शर्ट लावलेत, आणि ठाऊक नव्हतं! भिंत वीतभर सरकली तर कळतं म्हणे तुम्हाला."

"शपथेवर सांगतो!"

"पुरावा काय?" मागून कोणीतरी म्हणालं. हे वाक्य ट्रॉन्डुरने आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. अर्धी खोली त्याच्याकडे थक्क होऊन बघत होती, अर्धी रागाने. सुन्निवासुद्धा डोळे बारीक करून बघत होती. ज्या गावासाठी तो डोंगर चढला, त्या गावाला तो पक्का फितूर वाटत होता.

तेव्हा रेगिन उठला. तो कमी बोलणारा माणूस, त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले.

"ते खरं सांगतायत," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचा नवरा आहे, मी यांना पुरतं ओळखतो. एवढी अक्कल यांना नाही. मी लिहून देतो."

मग सुन्निवाने मान डोलावली, "हो, हे मात्र खरं," म्हणाली, आणि पुरावा मान्य झाल्यासारखी सगळी खोली खो खो हसत सुटली. हॅलुरने कप पुन्हा उचलला. मार्यूनलासुद्धा हरकत घ्यायला जागा सापडली नाही.

इतका मोठा अपमान ट्रॉन्डुरचा आयुष्यात झाला नव्हता. त्याचे डोळे भरून आले. चिखलाचा कोट तसाच अंगात ठेवून तो गर्दीतून वाट काढत गेला आणि रेगिनच्या शेजारच्या खुर्चीवर बसला.